टोपणावरचा टिळा

दिवाळी अंकासाठी लेख मागायला शाळेतले गुरुजी आले तेव्हा मी ट्रॅक्टरखाली होतो. पाठीखाली गोणपाट, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर तेल. त्यांनी वाकून विचारलं, "मेस्त्री, तुमच्या धंद्यातले चार अनुभव लिहून द्याल का?" मी खालूनच म्हणालो, "चार नाहीत, एकच आहे. आणि तो लिहायचा की नाही हे अजून ठरत नाही." गुरुजी हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं.

मी थकलोय, हे आधीच सांगून टाकतो. सदुसष्ट संपलं. गुडघे बसताना एक आवाज करतात आणि उठताना दुसरा. गॅरेज दोनदा बंद केलं आणि दोनदा उघडलं, कारण फोन थांबत नाहीत. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत हे काम करणारा दुसरा माणूस नाही, असं लोक म्हणतात. पूर्वी हे ऐकून छाती फुगायची. आता वाटतं, असता एखादा तर बरं झालं असतं. निदान त्याच्याकडे बोट दाखवून घरी बसता आलं असतं.

काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्याकडे डोंगराच्या पायथ्याला मुंबईच्या लोकांनी जमिनी घेतल्या आणि फार्महाऊस बांधली. जिथे आमच्या आजोबांनी भात लावला तिथे आता गवत लावतात. लावतात, खत घालतात, पाणी घालतात आणि वाढलं की लगेच कापतात. गुराला घालत नाहीत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी मालकाला विचारलं होतं, मग लावता कशाला? त्याने मला दिलेलं उत्तर मला आजही समजलेलं नाही. तर हे गवत कापायला बसायची सीट असलेला एक बुटका ट्रॅक्टर लागतो. नवा फार महाग, म्हणून पुष्कळ जणांनी परदेशातून आलेले जुने घेतले. वीस-पंचवीस वर्षं तिकडे राबून इकडे आलेले म्हातारे. माझ्याकडे येतात ते हेच.

या ट्रॅक्टरला क्लच नाही आणि गिअर बदलायचा दांडाही नाही. पुढचं पेडल दाबलं की पुढे, मागचं दाबलं की मागे. मधलं सगळं काम तेल करतं. इंजिनचा पट्टा एक पंप फिरवतो, पंप तेल रेटतो, रेटलेलं तेल दुसऱ्या बाजूची मोटर फिरवतं आणि तिच्यावर चाकं फिरतात. पायाने आपण फक्त किती तेल आणि कुठल्या दिशेने, एवढं सांगायचं. या सगळ्याला आम्ही नुसतं 'हायड्रो' म्हणतो. मी मुरबाडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर काढली होती. कारखाना बंद पडला आणि दाबातल्या तेलाची भाषा तेवढी माझ्याकडे उरली. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

या यंत्राला एकच मोठं दुखणं, गळती. जिथे जिथे फिरता दांडा हायड्रोच्या बंद पेटीतून बाहेर येतो तिथे तिथे रबराचं सील असतं. त्या सीलचा पातळ ओठ दांड्याला चिकटून तेल आत अडवतो. रबर म्हातारं झालं की कडक होतं आणि तेल पाझरायला लागतं. फोनवर मी पहिला प्रश्न विचारतो, "टिपूस पडतोय की नुसती ओल आहे?" ओल असेल तर वर्षभर चालवा म्हणतो. टिपूस पडत असेल तर चालवू नका, कारण तेल संपलं आणि पंप कोरडा फिरला की त्याचं भंगार होतं. लोक मात्र जमिनीवर हातभर डाग पडेपर्यंत फोनच करत नाहीत.

डाग जिथे दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. वर पंखा फिरत असतो, तो तेल उडवून सगळीकडे फासतो. नवशिका माणूस सर्वांत ओलं सील बदलतो आणि फसतो. मी आधी सगळी पेटी डिझेलने धुतो, कोरडी करतो आणि तिच्यावर तान्ह्या बाळाला लावतात ती पावडर फुंकतो. मग पाच मिनिटं चालवायचं. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथे उमटते, तिथे दुखणं. फार्महाऊसच्या बायका मी पिशवीतून पावडरचा डबा काढला की हसतात. हसू देत. त्या डब्याने मला आजवर फसवलेलं नाही.

सील बसवताना दांड्याच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळायची, नाहीतर खाचेच्या धारेने नव्या सीलचा ओठ बसतानाच कापतो. ठोकायला हातोडी थेट लावायची नाही, प्लॅस्टिकच्या पाइपचा बरोबर मापाचा तुकडा मध्ये धरायचा. हे पाइपचे तुकडे मी वीस वर्षं जपलेत. बायकोने दोनदा भंगारात दिले आणि दोनदा मी भंगारवाल्याच्या दारात जाऊन शोधून आणले.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. किन्हवलीच्या एका गृहस्थाने भंगारातून असा ट्रॅक्टर उचलला आणि भाताच्या खाचरात चिखलणीला घातला. हायड्रोचं पोट चिखलात बुडालं. मला बोलावलं तेव्हा पेटीतून तेलाऐवजी दुधाळ गाळ निघाला. मी म्हटलं, "अरे बाबा, हा गवत कापायचा आहे." तो शांतपणे म्हणाला, "भात पन गवतच हाय ना मेस्त्री." चार दिवस घालून मी तो धुतला, सुकवला, नवी सीलं घातली आणि त्याने तो परत चिखलात घातला. नंतर त्याचा फोन आला तेव्हा मी घरी नसल्याचं बायकोला सांगायला लावलं.

असले किस्से पुष्कळ आहेत आणि ते लिहायला सोपे आहेत. गुरुजींना तेच हवे असणार. पण मला झोप येत नाही ती त्यांच्यामुळे नाही.

मुरबाडहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक फार्महाऊस आहे. मालक मुलुंडचे. भले माणूस, आवाज चढवून कधी बोलले नाहीत. त्यांचा ट्रॅक्टर सर्वांत जुना होता. तो चालवायचा किसन. किसन मूळचा खर्डीच्या बाजूचा. स्टेशनवरून रिक्षाने जेवढं जाता येईल तेवढं जायचं आणि पुढे तासभर चढायचं, तिथे त्याचा पाडा. फार्महाऊसच्या फाटकाजवळ एक खोली होती, तीत किसन, त्याची बायको भीमा आणि मुलगी मनीषा राहत. मनीषा मुरबाडला बारावीला होती. फाटकासमोरच एसटी थांबायची. पाड्यावर राहून तिला कॉलेज जमलंच नसतं, आणि किसनने ती नोकरी धरली होती ती मुख्यतः त्या खोलीसाठी. हे त्याने मला कधीतरी डबा खाताना सांगितलं होतं. पाड्यातली बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी.

किसनला लिहितावाचता येत नव्हतं. पण यंत्राचं त्याला कळायचं. ट्रॅक्टर ढकलायचा असेल तर मागची एक कांडी आधी ओढून हायड्रो मोकळा करावा लागतो, नाहीतर आतल्या तेलावर जोर पडतो. ही कांडी शिकलेले मालकसुद्धा विसरतात. किसन कधी विसरला नाही. कापून झालं की पेटीवर साचलेलं गवत काडीने काढायचा, कारण त्या गवताखाली पेटी तापते. हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं. सात वर्षं त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचा एक टिपूस पडला नाही. त्याचं श्रेय मी स्वतःकडे घेत होतो. चारचौघांत म्हणायचो, "माझ्या हातचं सील आहे ते."

आता दसऱ्याचं सांगतो. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रं धुतात, झेंडूची माळ घालतात, पूजा करतात. घरची माणसं बॉनेटला आणि चाकांना हळदकुंकू लावतात. पण ज्या मेस्त्रीने यंत्र उघडलं असेल त्याचा पहिला टिळा, असा मान आहे. हा मान मला फार आवडायचा. दसऱ्याला सकाळपासून मी मोटारसायकलवरून फार्महाऊस ते फार्महाऊस फिरायचो. माझी आपली एक रीत होती. कुंकू पाण्यात कालवलं तर दोन दिवसांत उडून जातं, म्हणून मी ते त्याच यंत्राच्या तेलात कालवायचो. थोडी हळद, चार अक्षता. आणि टिळा लावायचो तो हायड्रोच्या कपाळावर. हायड्रोचं कपाळ म्हणजे काय, हे मीच ठरवलेलं. पेटीच्या वर एक छोटी तेलाची टाकी असते, तिचं काळं टोपण. सगळ्यांत उंच जागा तीच. तिथे माझा अंगठा दाबून टेकवायचा. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे टोपणं नव्या धाटणीची, वरून झाकलेली. या एकाच म्हाताऱ्याचं टोपण जुन्या धाटणीचं होतं आणि त्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं.

ते भोक कशासाठी हे मला माहीत नव्हतं असं नाही. तेल तापलं की फुगतं. फुगलेल्या तेलाने दाबलेली हवा त्या भोकातून बाहेर जाते आणि थंड झालं की परत आत येते. पेटी त्याच्यातून श्वास घेते. परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृती काढून दाखवली असती. पण दसऱ्याच्या दिवशी मी तिथे मेस्त्री म्हणून उभा नव्हतो, मानकरी म्हणून उभा होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी माझा राहिलेला पाना आणायला त्या फार्महाऊसवर गेलो. पाहतो तर किसन ट्रॅक्टरवर वाकलाय, हातात बोरीचा काटा आणि माझा टिळा उकरतोय. माझं डोकंच फिरलं.

"काय करतोस रे?"

किसन दचकून सरळ झाला. "काय नाय मेस्त्री. त्या भोकाला जरा..."

"भोकाला काय? पूजेचा टिळा उकरतोस? आणि काट्याचं टोक मोडून आत पडलं तर पंप खाईल ते. कोण भरून देणार?"

"मेस्त्री, मी काय बोलतो..."

"तू काही बोलू नको. आजपासून या टोपणाला हात लावायचा नाही. माझ्या हायड्रोला हात लावायचा नाही."

त्याने काटा खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरा." मी पाना घेतला आणि निघालो. जाताना उरलेल्या कुंकवाचा तो टिळा नीट करून, वरून दाबून गेलो. हेही लिहायला हवं.

दिवाळीनंतर पहिली गळती झाली. पुढच्या दांड्याचं सील. मी बदललं. महिन्याभरात डाव्या चाकाच्या बाजूने तेल यायला लागलं. तेही बदललं. मग जानेवारीत, म्हसा गावच्या जत्रेच्या आठवड्यात तिसरी गळती, पेडलच्या दांड्याजवळ. एखाद्याने माझ्याकडे असं यंत्र आणून विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, की एकच सील पुन्हा पुन्हा गळलं तर सील खराब, आणि तीन वेगवेगळी गळली तर आत दाब कोंडतोय. पण हे यंत्र माझं होतं, सीलं माझी होती आणि सात वर्षं मी त्यांची फुशारकी मारली होती.

तिसऱ्या वेळी मालक स्वतः उभे होते. मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो. किसन बादलीत पाणी घेऊन हात धुवायला देत होता.

मालक म्हणाले, "मेस्त्री, एकदा काय ते सांगून टाका. तीन महिन्यांत तीनदा. चूक कोणाची आहे?"

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. पण मला त्यात ऐकू आलं की मेस्त्री आता म्हातारा झालाय. तिसऱ्यांदा गळलं म्हणजे एक तर मेस्त्री कच्चा किंवा चालवणारा वाईट. दोघांतला एक निवडायचा होता.

मी म्हणालो, "हाताळणाऱ्याची."

आणि एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "मी स्वतः त्याला टोपण काट्याने उकरताना धरलंय. आत कचरा गेला असणार. त्याच्यानेच सीलं जातायत."

मालकांनी किसनकडे पाहिलं. "खरं आहे का किसन? काट्याने उकरत होतास?"

किसन म्हणाला, "व्हय शेठ. उकरत व्हतो." मग त्याने माझ्याकडे बघितलं. पाणी ओतायचं तेवढं त्याने थांबवलं नाही. माझे हात स्वच्छ होईपर्यंत तो ओतत होता.

आठवड्याने त्याला जायला सांगितलं. मालकांनी दोन महिन्यांचा पगार जास्त दिला, असं कानावर आलं. निघायच्या आदल्या दिवशी किसन माझ्या गॅरेजवर आला. आत आला नाही, बाहेरच उभा.

"मेस्त्री, एक काम व्हता. शेठ तुमचा ऐकतात. पोरीची परीक्षा हाय दीड महिन्यानं. तोवर खोली राहू द्या बोला त्यांना. मी काम नाय मागत. मी पाड्याला जातंव. ती नि तिची आय राहील फक्त."

मी म्हणालो, "बघतो." आणि खरंच बघायचं म्हणूनच म्हणालो होतो. मालकांचा नंबर काढला, ठेवून दिला. फोन केला असता तर बोलता बोलता पुन्हा सीलांचा विषय निघाला असता, आणि मला तो नको होता. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली होती.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. सरळ, कामसू. चैत्रात पुन्हा फोन आला, गळतंय. चौथ्यांदा. या वेळी चूक कोणाची हे मालकांनी विचारलं नाही, पण आता माझ्याकडे नाव घ्यायला कोणी उरलंही नव्हतं.

एरवी मी यंत्र थंड झाल्यावरच टोपण उघडतो, थंड तेलाचंच माप खरं असतं, म्हणून आधीच्या तिन्ही वेळा आत कोंडलेला दाब कधी हाताला लागला नव्हता. त्या दिवशी नव्या माणसाने मला दाखवायला म्हणून भर उन्हात चढावरून ट्रॅक्टर फिरवून आणला. मी वेंधळेपणाने तसंच टोपण पिळलं. आतून फुस्स करून हवा सुटली, कुकरची शिट्टी उचलल्यासारखी. तेल माझ्या मनगटावर उडालं आणि पोळलं. मी टोपण हातात घेऊन तिथेच बसलो.

भोक दिसत नव्हतं. भोकाच्या जागी लाल खपली होती. गरमीने कुंकू, हळद आणि तेल मिळून लाखेसारखं कडक झालेलं, दोन अक्षता त्यात रुतलेल्या. वर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. ठेवायची गरज नव्हती, पण ठेवला.

आजूबाजूला बोर नव्हती म्हणून सुई मागितली. खपली निघाली. भोकातून फुंकून पाहिलं, हवा गेली. गळकं सील बदललं आणि ट्रॅक्टर तासभर चढावर चालवला. पावडर पांढरी राहिली. नव्या माणसाने विचारलं, "काय झाला होता मेस्त्री?" मी म्हणालो, "काही नाही." इतक्या सगळ्यानंतरही पहिलं तोंडातून आलं ते हेच.

संध्याकाळी मालकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेस्त्री, नव्या माणसाला मी आता काय सांगून काढू? त्याचीही दोन मुलं आहेत." ते खोटं बोलत नव्हते. मग म्हणाले, "किसनला सांगा, मला वाईट वाटलं." मी सांगतो म्हणालो.

खर्डीला उतरून रिक्षा केली आणि पुढे चढायला लागलो. माझे गुडघे घेऊन त्या चढाला दोन तास लागले. वाटेत विचारत गेलो. एका म्हाताऱ्याने पाड्याच्या अलीकडे रस्ता दाखवला आणि वर म्हणाला, "शेठचा मशीन मोडला तो किसन ना?" माझं बोलणं इतक्या उंचावर माझ्या आधी पोचलं होतं. पुढे किसननेच सांगितलं, की आजूबाजूच्या तीन फार्महाऊसवर तो काम मागायला गेला होता. तिघांनीही हेच विचारलं आणि परत पाठवलं.

घरात तिघंही होती. भीमा भात पाखडत होती. मला बघून किसनने पटकन गोधडी अंथरली. "मेस्त्री, तुमी? चढून आलाव? बसा बसा. पानी दे गो मेस्त्रींना." मनीषा पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. पायांत बूट, खांद्याला पिशवी. ती आसनगावला पॅकिंगच्या कामाला लागली होती.

मी सांगायला सुरुवात केली. टोपण, भोक, टिळा. निम्म्यावर आलो तर किसनच म्हणाला, "बुजला व्हता ना? मना ठावं."

"तुला माहीत होतं?"

"दर सालाला बुजायचा. तुमी टिळा लावून गेलाव की एक-दोन दिसांत मी काट्यानं मोकला करायचो. तेलाचा डबा फोडतो तवा आमी दोन भोकं पाडतो. एकानं तेल येतं, एकानं वारा. एक बुजवला की तेल अडतं. त्याचा पन तसाच असनार, मना वाटला."

सात वर्षं. ज्या सीलांची मी फुशारकी मारत होतो ती बोरीच्या काट्यावर टिकली होती.

"मग बोलला का नाहीस? मालकांनी विचारलं तेव्हा तरी?"

किसनने भीमाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी बोल्लाव हात लावायचा नाय. आन शेठच्या म्होरं कसा बोलू, मेस्त्रीच्या टिळ्यानंच मशीन बिघडलाय? तुमचा मान व्हता त्यो."

मला तिथे बसवेना. मी मालकांचा निरोप सांगितला. जागा गेली आहे हेही सांगितलं. किसनने मान हलवली. मी मनीषाला विचारलं, "परीक्षा?"

"दोन पेपरांना पोचली," ती म्हणाली. "तिसऱ्याला एसटी चुकली. मग नाय गेली."

"जुलैमध्ये पुन्हा बसता येतं. मी सोडीन तुला मुरबाडला, माझी गाडी आहे."

"बसनार हाय. फॉर्म निघाला की भरनार. तुमी नको." मग पिशवीतून एक वही आणि पेन काढून तिने माझ्यासमोर ठेवलं. "तुमाला काय द्यायचा असेल त हे लिवून द्या. आता जो सांगितलाव तो. बाबा कुठं काम मागायला गेला की दाखवील."

मी लिहायला घेतलं. माझं अक्षर बरं आहे. लिहिलं की, अमुक ठिकाणच्या ट्रॅक्टरच्या हायड्रोमध्ये वारंवार गळती होत होती, ती किसनमुळे होते असा समज झाला होता, परंतु तपासणीअंती तसे नसल्याचे आढळले आहे, तरी झालेल्या चुकीबद्दल दिलगिरी आहे. खाली सही केली. कारखान्यात असताना मी असे पुष्कळ अहवाल लिहिले होते.

मनीषाने उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"समज झाला होता. कुनाला झाला?"

तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"चूक झाली. कुनी केली? ह्यात मानूसच नाय कुठं." तिने पान फाडलं, बाजूला ठेवलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली. "बाबाचा नाव घेतलाव तवा सरळ घेतला व्हता ना."

भीमाचं पाखडणं थांबलं होतं. किसन म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो, मोठी मान्सं हायत." ती हलली नाही. तिला कामाला जायचं होतं आणि उशीर होत होता, तरी ती हलली नाही.

मी दुसरं पान घेतलं. या वेळी वेळ लागला. सदुसष्ट वर्षांत मी 'चूक झाली' हजार वेळा म्हटलं असेल. 'मी चूक केली' असं लिहिताना हात अडत होता, आणि तो संधिवाताने नव्हे. चार ओळी लिहिल्या. माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पान तिच्या हातात दिलं. आधी तिने ते मनात वाचलं. मग बापाकडे वळून मोठ्याने वाचलं.

"ट्रॅक्टर मी बिघडवला. टोपणाचं भोक मी बुजवलं. किसन ते दर वर्षी मोकळं करत होता, म्हणून सात वर्षं ट्रॅक्टर चालला. मी त्याला अडवलं आणि मालकांना खोटं सांगितलं. वसंत मेस्त्री."

किसन गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. तिचं वाचून झालं तरी तो कागदाकडेच बघत होता.

"परत वाच गो," तो म्हणाला.